दास्यमोचन आणि पंगत

काशीच्या बालाजी घाटाचे नाव पुष्कळांना उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांच्या सनईमुळे ठाऊक असते. घाटावरील बालाजीच्या मंदिरात त्यांनी वर्षानुवर्षे रियाज केला. मराठी वाचकाला हा परिसर आणखी एका नात्याने जवळचा आहे. पेशव्यांचे नाव या घाटाशी जोडले गेले आहे, आणि पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाट हा आसपासचा भाग म्हणजे काशीतील जुनी मराठी वस्ती होय. एकनाथांनी आपला भागवतावरील ग्रंथ शके १४९५ मध्ये, म्हणजे इ. स. १५७३ साली, काशीतच पूर्ण केला. त्यांच्याच पैठणातून सोळाव्या शतकात येथे आलेल्या भट्ट घराण्याने पुढे दीडशे वर्षे धर्मशास्त्राच्या क्षेत्रात अधिकार गाजविला. ‘निर्णयसिंधु’कार कमलाकरभट्ट या घराण्यातले, आणि १६७४ मध्ये शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक करणारे गागाभट्टही याच घराण्यातले.

या घराण्यातील नीलकंठभट्टाने सतराव्या शतकात ‘व्यवहारमयूख’ हा ग्रंथ रचला. इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यातील न्यायालये हिंदू कायद्याच्या प्रश्नांवर ज्या थोड्या ग्रंथांचा आधार घेत, त्यांत त्याची गणना होत असे. वारसा, ऋण, ठेव, सीमावाद अशा व्यवहारपदांबरोबर ‘अभ्युपेत्याशुश्रूषा’ नावाचे एक पद या परंपरेत येते. सेवा पतकरून ती न करणे, असा त्या अवघड शब्दाचा सरळ अर्थ. या मथळ्याखालीच शास्त्रकारांनी दासांचा विचार केला आहे. दास कोण होतो, कोणाला दास करता येत नाही आणि दास सुटतो कसा, हे तीन प्रश्न तेथे येतात. त्यांपैकी तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर विशेष लक्ष देण्याजोगे आहे, कारण माणसांच्या क्रयविक्रयाविरुद्ध धर्माच्या प्रेरणेने जे जे प्रयत्न पुढे झाले, त्यांची कसोटी त्या उत्तरात आधीच सांगितलेली आढळते.

नारदस्मृतीने दासांचे पंधरा प्रकार मोजले आहेत. घरच्या दासीच्या पोटी जन्मलेला, विकत घेतलेला, दानात मिळालेला, वारशाने आलेला, गहाण ठेवलेला, ऋणापायी राबणारा, युद्धात सापडलेला, पणात जिंकलेला, नुसत्या अन्नासाठी राहिलेला, स्वतःला विकणारा अशी ती यादी आहे. तीत ‘अनाकालभृत’ हा एक प्रकार येतो. दुष्काळात ज्याला अन्न घालून जगविले आणि त्या उपकाराच्या मोबदल्यात ज्याचे स्वातंत्र्य घेतले, तो अनाकालभृत. प्रत्येकाच्या सुटकेची वाट निराळी आहे. ऋणापायी दास झालेला व्याजासह कर्ज फेडून सुटतो, अन्नासाठी राहिलेला ते अन्न सोडून सुटतो, आणि दुष्काळात जगविलेला गाईंची एक जोडी देऊन सुटतो. धन्याचा जीव वाचविणारा दास तर सुटतोच, शिवाय त्याला पुत्राचा वाटा मिळतो. ज्याला बळाने दास केले किंवा ज्याला चोरांनी पळवून विकले, त्याचे दास्य याज्ञवल्क्याने मुळातच अमान्य केले आहे. त्याला सोडलेच पाहिजे. आजचा कायदा ज्याला माणसांचा अपव्यापार म्हणतो, तो हाच होय.

सुटकेचा विधी साधा आहे. प्रसन्न झालेल्या धन्याने दासाच्या खांद्यावरील पाण्याचा घट घेऊन फोडावा, अक्षता व फुले घातलेले पाणी त्याच्या मस्तकावर शिंपडावे आणि तो दास नाही असे तीन वेळा उच्चारून त्याला पूर्वेकडे तोंड करून जाऊ द्यावे. मात्र नारद येथे थांबत नाही. त्या दिवसापासून त्या माणसाच्या घरचे अन्न खाण्यास योग्य होते, त्याच्याकडून दान घेता येते आणि सज्जनांनी त्याला मान द्यावा, असे तो पुढे सांगतो. पाणी वाहण्याचे ओझे खांद्यावरून उतरणे हा विधीचा अर्धा भाग झाला. उरलेला अर्धा भाग धन्याच्या हातात नसून शेजाऱ्यांच्या पंगतीत आहे.

घट फोडण्याच्या या कृतीला मराठी वाचकाच्या मनात वेगळेच संदर्भ आहेत. ‘घटस्फोट’ हा शब्द आज विवाहविच्छेदासाठी रूढ आहे; पण धर्मशास्त्रात तो पतिताला जातीबाहेर टाकण्याचा विधी होता. ज्याला टाकायचे त्याचे नातलग जमत, जिवंतपणीच त्याला मृताप्रमाणे पाणी देत, आणि भरलेला घट एका दासीकडून पायाने लवंडविला जाई. माणसाला समाजातून काढण्यासाठीही घट आणि समाजात घेण्यासाठीही घट! त्यातही काढण्याच्या विधीत घट लवंडण्याचे काम दासीवर सोपविलेले असावे, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

अर्थात या शास्त्राचा गौरव करताना त्याच्या मर्यादा झाकून चालणार नाही. दास्य असूच नये, असे यांपैकी कोणी म्हटलेले नाही. वर्णाच्या उतरत्या क्रमाने दास्य मान्य आणि चढत्या क्रमाने अमान्य, हा नियम स्मृतींनी स्पष्ट सांगितला आहे. जन्माने, खरेदीने, दानाने आणि वारशाने आलेले दास धन्याच्या कृपेवाचून सुटत नाहीत. पेशवाईतील व्यवहार तर ग्रंथांपेक्षाही कठोर होता. कुणबिणी आणि बटकी यांच्या खरेदीविक्रीचे, त्यांच्या नेमणुकांचे आणि पळून गेलेल्यांच्या शोधाचे उल्लेख त्या काळच्या कागदपत्रांत येतात. व्यापारी परमुलखातून बायका आणून विकीत. आणि व्यभिचाराचा आरोप शाबीत झालेल्या स्त्रीला सरकारच कुणबीण करून कोठीत, पागेत किंवा किल्ल्यावर कामाला लावी. ज्या सत्तेने काशीत घाट बांधले, तिच्याच दप्तरातील ही नोंद आहे.

१८४३ च्या पाचव्या अधिनियमाने कंपनी सरकारने गुलामीला न्यायालयाचा आधार नाकारला, आणि १८६० च्या दंडसंहितेने माणसाची खरेदीविक्री हा गुन्हा ठरविला. इंग्लंडमध्ये या बदलामागे धर्मनिष्ठ मंडळींचा मोठा वाटा होता. क्वेकर पंथाने १७८३ मध्ये गुलामांच्या व्यापाराविरुद्ध संसदेकडे अर्ज केला. त्याआधी १७७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या क्वेकरांनी आपल्या सभासदांना गुलाम बाळगण्यास मनाई केली होती. पण त्याच फिलाडेल्फियात क्वेकरांच्या प्रार्थनागृहात काळ्या उपासकांसाठी निराळा बाक असे, आणि हा बाक पुढे कित्येक वर्षे टिकला. घट फुटला होता, पंगत मात्र बदललेली नव्हती.

महाराष्ट्रात हा प्रश्न ज्यांनी सर्वांत आधी आणि सर्वांत धैर्याने हाताळला, त्यांत पंडिता रमाबाईंचे नाव अग्रभागी येते. १८५८ मध्ये जन्मलेल्या रमाबाईंनी दुष्काळ स्वतः भोगला होता. तीर्थयात्रा करीत हिंडणाऱ्या त्यांच्या आईवडिलांचा १८७० नंतरच्या दशकात दुष्काळातच अंत झाला. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांनी विधवांसाठी शारदा सदन काढले आणि पुढल्या वर्षी ते पुण्यास हलविले. १८९० नंतरच्या दशकात त्या वृंदावनास गेल्या आणि तेथील विधवांची स्थिती त्यांनी जवळून पाहिली. काशी काय किंवा वृंदावन काय, क्षेत्रवास हा विधवेसाठी पुण्याचा आणि घरच्यांसाठी सोयीचा मार्ग होता. अन्नछत्रातले जेवण आणि देवळातले भजन एवढ्यावर जगणाऱ्या त्या स्त्रियांभोवती दलालांचा वावर असे. आश्रय आणि शिकार एकाच गल्लीत नांदत होती, हे रमाबाईंनी ओळखले.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्यप्रांतात गेल्या. तेथील दुष्काळी छावण्यांत अनाथ मुलींना हेरून नेणारे स्त्री-पुरुष हिंडत होते. एक रुपया, काही आणे, क्वचित काही शेर धान्य घेऊन आईबाप मुली विकीत असल्याचे रमाबाईंनी लिहून ठेवले आहे. स्मृतिकारांचा अनाकालभृत तो हाच; फरक इतकाच की गाईंची जोडी देऊन त्याला सोडविणारे कोणी उरलेले नव्हते. रमाबाईंनी शेकडो मुलींना पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे आणले. तेथे मुक्ती सदन उभे राहिले, आणि ज्यांना समाज ‘पतित’ म्हणे अशा स्त्रियांसाठी कृपा सदन निघाले. गुजरातच्या १८९९-१९०० च्या दुष्काळानंतर केडगावची वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. या संख्येपेक्षाही तेथील कामाची घडण अधिक बोलकी आहे. शेती, विणकाम, तेलघाणी, दुग्धालय, छापखाना ही सर्व कामे स्त्रिया शिकल्या आणि त्यांनीच ती चालविली. सोडविलेल्या स्त्रीला केवळ अन्न दिले तर तिचे एका धन्याऐवजी दुसऱ्या धन्यावर अवलंबणे सुरू होते, हे रमाबाईंना कळले होते.

रमाबाईंचा उल्लेख झाला की धर्मांतराचा प्रश्न येतोच, आणि तो टाळण्याचे कारण नाही. त्या १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये ख्रिस्ती झाल्या होत्या. शारदा सदनातील मुलींवर त्या धर्माचा प्रभाव पडतो, या कारणावरून १८९३ मध्ये पुण्यात मोठे वादळ उठले. रानडे व भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली परत नेल्या. आक्षेप अगदीच निराधार नव्हता. आश्रयाची गरज असलेल्या माणसापुढे आश्रयदात्याचा धर्म हा कधीच केवळ एक पर्याय म्हणून उभा राहत नाही. तरीही आक्षेप घेणाऱ्यांना एक प्रश्न विचारता आला असता. या मुली परत आल्या, तर त्यांच्या हातचे पाणी कोण घेणार होते? केडगावात त्यांना नाव, काम आणि पंगत मिळत होती. त्या पंगतीची किंमत म्हणून पुष्कळींना जुने घर कायमचे सुटले. घरची पंगत उघडी असती, तर बाहेरची शोधण्याची वेळ कितीजणींवर आली असती, हे सांगणे कठीण आहे.

घर न सोडता हे काम करण्याचेही प्रयत्न झाले. पंढरपूर हे महाराष्ट्रापुरते काशीसारखेच क्षेत्र. टाकलेली मुले आणि टाकलेल्या स्त्रिया तेथेही येत. प्रार्थना समाजाच्या मंडळींनी १८७५ मध्ये तेथे बालकाश्रम काढला. शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाईंशी धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये पुनर्विवाह केला, आणि तीन वर्षांनी अनाथ बालिकाश्रम सुरू झाला. परंतु देवाच्या नावानेच ज्या मुली सोडल्या जात, त्यांच्यापर्यंत हे हात पोचत नव्हते.

जेजुरीच्या खंडोबाला वाहिलेली मुरळी आणि सौंदत्तीच्या यल्लम्माला वाहिलेली जोगतीण यांची गोष्ट वेगळी होती. येथे चोर नव्हता, दलालही प्रथमदर्शनी नव्हता. आईबापांचा नवस होता, भंडारा होता, देवाशी लागलेले लग्न होते. देवाची बायको झालेल्या मुलीला माणसाशी लग्न करता येत नसे. पुढचा रस्ता गावातल्या धनिकाच्या घराकडून शहरातल्या वस्तीकडे जाई आणि अखेरीस मुंबईच्या कामाठीपुऱ्यात संपे. धर्माने बांधलेली ही गाठ धर्माच्या भाषेतच सोडविणे भाग होते. प्रार्थना समाजाचे प्रचारक आणि १९०६ साली भारतीय निराश्रित साह्यकारी मंडळी स्थापन करणारे विठ्ठल रामजी शिंदे यांनी मुरळीच्या प्रथेविरुद्ध चळवळ चालविली. मुलगी देवाला देणे हा धर्म नव्हे, हे त्यांनी देवावर श्रद्धा ठेवूनच सांगितले.

याच सुमारास पुण्यात शिवराम जानबा कांबळे यांनी ‘सोमवंशीय मित्र’ हे मासिक १९०८ मध्ये सुरू केले. आपल्याच समाजातील मुली मुरळ्या म्हणून सोडल्या जातात, हे त्यांनी उघडपणे मांडले आणि अशा मुलींशी विवाह करण्याचे आवाहन तरुणांना केले. त्याला उत्तर म्हणून शिवूबाई नावाच्या एका मुरळीचे पत्र मासिकात आले. दलित स्त्रीच्या हातचे मराठी नियतकालिकात छापले गेलेले हे अगदी आरंभीच्या लेखनांपैकी एक होय. कांबळ्यांच्याच एका सहकाऱ्याने पुढे शिवूबाईशी लग्न केले. सभेतील ठरावांहून ही घटना मोठी मानली पाहिजे. मुरळीला सोडविणे म्हणजे तिला घरात घेणे, हे त्या एका कृतीने दाखविले. आणि ते दाखविणारे लोक स्वतःच इतरांच्या पंगतीबाहेर होते, हेही विसरता येत नाही.

कायदा या मार्गाने सावकाश मागून आला. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९२० मध्ये जोगतिणी व मुरळ्या सोडण्यास मनाई केली. मुंबई इलाख्याच्या १९३४ च्या देवदासी संरक्षण अधिनियमाने वाहण्याचा विधी बेकायदा ठरविला. शिवाय वाहिलेल्या स्त्रीने केलेले लग्न केवळ त्या कारणाने अवैध ठरणार नाही, असेही म्हटले. पंगतीचा प्रश्न कायद्याच्या भाषेत उतरला तो असा.

स्वातंत्र्यानंतर संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदाने माणसांचा अपव्यापार आणि वेठबिगारी यांना मनाई केली. वेठबिगार पद्धती मोडणारा कायदा मात्र १९७६ साली झाला. तो कागदावरून खाणींपर्यंत नेण्याच्या कामात भगवी वस्त्रे धारण केलेला एक संन्यासी पुढे होता. स्वामी अग्निवेश (१९३९-२०२०) हे आर्यसमाजी. ज्या दयानंद सरस्वतींचा वारसा ते सांगत, त्यांनी १८६९ मध्ये काशीच्या पंडितांशी मूर्तिपूजेवर गाजलेला शास्त्रार्थ केला होता. अग्निवेशांचा शास्त्रार्थ न्यायालयात झाला. त्यांनी १९८१ मध्ये स्थापन केलेल्या बंधुआ मुक्ती मोर्चाने फरीदाबादच्या दगडखाणींतील मजुरांची दशा एका पत्राने सर्वोच्च न्यायालयापुढे मांडली, आणि न्यायालयाने ते पत्रच याचिका मानून डिसेंबर १९८३ मध्ये निर्णय दिला. उचल घेऊन राबणारा मजूर सुटू शकत नसेल, तर तो वेठबिगार आहे असे धरून चालावे. तसे नाही हे सिद्ध करण्याचा भार मालकावर राहील, हे त्या निर्णयाचे सार.

या चळवळीची वाट फिरून काशीजवळच आली. भदोही, मिर्झापूर आणि वाराणसी या पट्ट्यात गालिचे विणले जातात. १९९४ पर्यंत भदोही हा वाराणसी जिल्ह्याचाच भाग होता. लहान बोटांनी गाठी बारीक पडतात, अशी सबब पुढे करून मुलांना मागावर बसविले जाई. त्यांतली कित्येक मुले तेव्हाच्या बिहारमधील पलामूसारख्या दुष्काळी जिल्ह्यांतून येत. दलाल आईबापांच्या हातावर उचल ठेवी आणि मूल घेऊन जाई. बारीक गाठींचा युक्तिवाद खोटाच होता. मूल स्वस्त पडे आणि पळून जात नसे, हे खरे कारण. सर्वोच्च न्यायालयाने सर्वोदयी कार्यकर्ते प्रेमभाई यांच्याकडे या भागातील पाहणी सोपविली होती. १९८६ च्या कायद्याने गालिचे विणण्याच्या कामावर मुले ठेवण्यास मनाई झाली. पण स्वतःच्या घरी कुटुंबाबरोबर काम करणारे मूल त्यातून वगळलेले होते, आणि पळवून आणलेला प्रत्येक पोरगा तपासणीच्या दिवशी मालकाचा भाचा होऊ लागला. बालमजुरांवाचून विणलेल्या गालिच्यांना ओळखपट्टी देण्याची रगमार्क ही योजना १९९४ मध्ये याच प्रश्नातून निघाली.

या मागांवरून मुले सोडविणाऱ्यांत कैलाश सत्यार्थी अग्रेसर होते. त्यांची पुढची संघटना धार्मिक नव्हे. परंतु त्यांची घडण आर्यसमाजाच्या वातावरणात झाली, आणि ‘सत्यार्थी’ हे त्यांनी घेतलेले नावही दयानंदांच्या ग्रंथाची आठवण करून देते. जातीचे आडनाव त्यांनी का टाकले, याची कथा त्यांनी स्वतः अनेकदा सांगितली आहे. १९६९ हे गांधीजींचे जन्मशताब्दी वर्ष होते. मध्य प्रदेशातील विदिशा गावी, तेव्हा पंधरा वर्षांच्या या मुलाने सफाई काम करणाऱ्या स्त्रियांच्या हातच्या जेवणाचा बेत केला आणि अस्पृश्यतेविरुद्ध भाषणे करणाऱ्या गावातील पुढाऱ्यांना आमंत्रण दिले. स्त्रियांनी अंघोळ करून, स्वच्छ वस्त्रे नेसून स्वयंपाक केला. पुढाऱ्यांपैकी कोणीही जेवायला आले नाही. उलट त्या मुलालाच बहिष्काराची धमकी मिळाली आणि प्रायश्चित्त सुचविण्यात आले.

१० डिसेंबर २०१४ रोजी सत्यार्थींना नोबेल शांतता पारितोषिक देण्यात आले. त्याच्या आठच दिवस आधी, २ डिसेंबरला, व्हॅटिकनमध्ये पोप फ्रान्सिस, कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी, माता अमृतानंदमयी आणि बौद्ध, ज्यू व मुस्लिम धर्मांचे प्रतिनिधी यांनी एका जाहीरनाम्यावर सह्या केल्या होत्या. आधुनिक गुलामगिरी हा मानवतेविरुद्धचा अपराध आहे आणि २०२० पर्यंत ती नाहीशी करण्यासाठी सर्व प्रयत्न करावेत, असा त्याचा आशय. इतक्या परंपरांच्या प्रमुखांनी एकत्र येऊन दास्याचा निरपवाद निषेध करावा, ही गोष्ट लहान नव्हे. नारद किंवा विज्ञानेश्वर यांनी ती कधी केली नव्हती. तथापि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि तिच्या सहकारी संस्थांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार २०२१ साली जगात ४ कोटी ९६ लाख माणसे या स्थितीत होती. त्यांतली २ कोटी ७६ लाख सक्तीच्या श्रमात आणि २ कोटी २० लाख सक्तीच्या विवाहात होती.

भारतात आज वेठबिगाराची सुटका म्हणजे जिल्हादंडाधिकारी किंवा उपविभागीय दंडाधिकारी यांच्या सहीचे मुक्तता प्रमाणपत्र. २०१६ च्या केंद्रीय योजनेप्रमाणे प्रौढ पुरुषाला १ लाख, स्त्रिया व मुलांना २ लाख आणि देहविक्रय किंवा अपव्यापारासारख्या अतिशोषणाच्या प्रकरणांत ३ लाख रुपये पुनर्वसनासाठी ठरविले गेले. पूर्ण रक्कम मिळणे मात्र आरोपीच्या शिक्षेशी जोडले गेले. खटला उभा राहून शिक्षा होईपर्यंत वर्षे जातात. तोवर सुटलेले मूल ज्या गावी परत जाते, तेथे घरावर दलालाची उचल असतेच. आणि पुढच्या हंगामात तोच माणूस पुन्हा दारात येतो, कारण गावात त्या घराला उसने धान्य देणारा दुसरा कोणी नसतो.